पन्नास राज्यं आणि एकवीस वर्षं

माझा मावसभाऊ एम. एस. करायला टेक्सासला गेला. आम्ही सगळी भावंडं त्याला दादा म्हणतो. गेल्यानंतर पहिल्याच महिन्यात त्याचा फोन आला, की इथे दुकानात बिअर घ्यायला गेलो तर पासपोर्ट दाखवावा लागला, एकवीस पूर्ण असल्याशिवाय देत नाहीत. मी तेव्हा मावशीकडेच होतो, त्यामुळे फोनचा स्पीकर घाईघाईने बंद करावा लागला. असो. पुढच्या वेळी मी त्याला विचारलं, की हा कायदा अख्ख्या अमेरिकेचा का? तर म्हणाला, "नाही रे, दारूचा कायदा इथे राज्याचा असतो." मग बाकीच्या राज्यांत किती वय आहे? "सगळीकडे एकवीसच. पन्नासच्या पन्नास."

मला हे काही पटेना. दारू आपल्याकडेही राज्याचाच विषय आहे. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं. गोव्यात १८. (आपल्या आय. व्ही. नेमक्या गोव्यालाच का निघतात, यावर अधिक लिहीत नाही, स्टाफही हा अंक वाचतो.) गुजरातेत तर दारूबंदीच. म्हणजे कागदावर बघितलं तर आपली राज्यं केंद्रापुढे कमजोर, तरी प्रत्येकाचा आकडा वेगळा. आणि अमेरिकेतली राज्यं, जी उठता-बसता आपल्या सार्वभौमत्वाची भाषा करतात, त्या पन्नासांचा आकडा मात्र एकच! नाणं पन्नास वेळा उडवलं आणि पन्नासही वेळा छापा पडला, तर आपण नाणं उलटसुलट करून बघतो. तसंच मी हे नाणं बघायला घेतलं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. 'राज्य' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर महाराष्ट्र येतो. पण महाराष्ट्र १ मे १९६० ला संसदेच्या कायद्याने अस्तित्वात आला. आपल्या घटनेच्या कलम ३ प्रमाणे संसद राज्य मोडू शकते, जोडू शकते, सीमा बदलू शकते. विधानसभेचं मत विचारावं लागतं, पण ते मानलंच पाहिजे असं नाही. आंध्रच्या विधानसभेने जानेवारी २०१४ मध्ये विभाजनाचं विधेयक नाकारलं होतं, तरीही त्याच वर्षी तेलंगण झालं. अमेरिकेत गाडी उलट्या बाजूने आली. तिथे राज्यं आधी, देश नंतर. १७७६ मध्ये तेरा वसाहती इंग्रजांपासून वेगळ्या झाल्या, तेव्हा त्या जवळजवळ तेरा स्वतंत्र देश होत्या. १७८१ च्या त्यांच्या पहिल्या करारात प्रत्येक राज्य सार्वभौम राहील असं सरळ लिहिलेलं होतं. त्या करारात केंद्राला कर बसवायचाही अधिकार नव्हता, राज्यांकडे वर्गणी मागावी लागे. गणपतीच्या वर्गणीचा अनुभव असलेल्यांना पुढे काय झालं ते सांगायला नको. म्हणून १७८७ मध्ये नवी घटना लिहिली गेली आणि तिने केंद्राला कराचे, सैन्याचे, राज्याराज्यांमधल्या व्यापाराचे अधिकार दिले.

नव्या घटनेत मात्र 'सार्वभौमत्व' हा शब्द एकदाही येत नाही. लोक धास्तावले, की लंडनचा राजा गेला आणि आता हा नवीन राजा बसतोय की काय. त्यांची समजूत काढायला १७९१ मध्ये ज्या दहा दुरुस्त्या झाल्या, त्यातली दहावी आपल्या विषयाची. तिचा अर्थ एवढाच, की जे अधिकार घटनेने केंद्राला दिलेले नाहीत आणि राज्यांना मना केलेले नाहीत, ते राज्यांकडे किंवा लोकांकडे राहिले. आपल्याकडे हे बरोबर उलटं आहे, उरलेसुरले अधिकार आपण केंद्राकडे ठेवलेत. तिथल्या राज्यांच्या निवडणुकीत 'मर्यादित सरकार' आणि 'राज्याचं सार्वभौमत्व' हे शब्द उमेदवारांच्या पत्रकांवर दिसतात, तेव्हा त्यांच्या मागे ही दहावी दुरुस्ती उभी असते.

आता तुम्ही म्हणाल, घटनेत लिहिलंय ना, मग भांडण कसलं? भांडण असं, की "केंद्राला दिलेले अधिकार" म्हणजे नक्की किती लांब? याचं सगळ्यात मजेदार उदाहरण म्हणजे ओहायो राज्यातला रॉस्को फिलबर्न नावाचा शेतकरी. १९३८ च्या कायद्याने गव्हाचे भाव सावरण्यासाठी प्रत्येक शेतकऱ्याला पेऱ्याचा कोटा ठरवून दिला होता. फिलबर्नचा कोटा होता ११.१ एकर. त्याने पेरले २३ एकर. जास्तीच्या गव्हावर ११७ डॉलर ११ सेंट दंड झाला. तो म्हणाला, अहो, हा गहू मी बाहेर विकणारच नाही, माझी जनावरं आणि कोंबड्या खाणार, थोडा घरी लागेल, यात राज्याराज्यांमधला व्यापार आला कुठून? १९४२ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की आला. तू घरचा गहू वापरलास म्हणजे बाजारातला घेतला नाहीस, आणि तुझ्यासारखं सगळ्यांनी केलं तर देशाच्या बाजारभावावर परिणाम होतो. गणिताच्या भाषेत सांगायचं तर एका टर्मकडे बघू नका, सगळी सिरीज सम करा. हे लॉजिक एकदा मान्य केलं की केंद्राच्या हाताबाहेर काय उरतं, हा प्रश्न मला तरी रास्त वाटतो. मी गव्हाच्या कोट्याच्या बाजूने असतो-नसतो ते सोडा, पण स्वतःच्या कोंबड्यांना स्वतःचे दाणे घालायचा दंड म्हणजे जरा अतीच झालं.

म्हणजे नागरिकांवर केंद्राचा हात लांबवर पोचला. पण खुद्द राज्य सरकारला केंद्र हुकूम करू शकतं का? इथे कोर्टाने उशिरा का होईना, एक भिंत बांधली. पहिली वीट १९९२ ची आणि ती आपल्या क्षेत्रातली आहे: किरणोत्सर्गी कचरा. हॉस्पिटलं, प्रयोगशाळा, अणुवीज केंद्रं यांतून निघणारा कमी तीव्रतेचा कचरा टाकायला साऱ्या देशात तीनच राज्यांत जागा होत्या, आणि त्या तिघांना त्याचा वैताग आला होता. म्हणून १९८५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे त्यांच्या संसदेने, कायदा केला, की प्रत्येक राज्याने आपली सोय करावी. ठरलेल्या मुदतीत नाही केली तर तो कचरा राज्याच्याच मालकीचा होईल, नुकसानभरपाईसकट. न्यूयॉर्क राज्य कोर्टात गेलं. कोर्ट म्हणालं, कचऱ्याचे नियम केंद्राने खुशाल करावेत, पण "तुम्ही असा कायदा करा नाहीतर हा माल घ्या" असं राज्याच्या विधिमंडळाला सांगता येणार नाही. राज्य म्हणजे केंद्राचं खातं नव्हे.

दुसरी वीट १९९७ ची. बंदूक विकत घेणाऱ्याची पार्श्वभूमी स्थानिक पोलिसप्रमुखाने तपासावी असं १९९३ च्या एका केंद्रीय कायद्यात होतं. मोंटाना आणि ॲरिझोनामधले दोन शेरीफ, प्रिंट्झ आणि मॅक, म्हणाले, आम्ही तुमचे नोकर नाही, आम्हाला इथल्या लोकांनी निवडलंय. कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांचं ऐकलं. निकाल लिहिला न्यायमूर्ती स्कालिया यांनी, जे उजव्या विचारांचे म्हणून प्रसिद्ध होते. हा खटला लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग भिंत एवढी पक्की असताना पन्नास राज्यांत एकवीस वर्षं आली कशी? उत्तर आहे रस्ते. सत्तरच्या दशकात बऱ्याच राज्यांनी दारूचं वय कमी केलं होतं. व्हिएतनामच्या लढाईला अठराव्या वर्षी पाठवता, तर अठराव्या वर्षी ग्लास का नाही, असा तो युक्तिवाद. पुढे दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या पोरांचे अपघात वाढल्याची ओरड सुरू झाली. मुलं गमावलेल्या आयांनी संघटना काढली, दबाव वाढला. केंद्राला वय ठरवायचा हुकूम करता येत नव्हता. दारूबंदी उठवणाऱ्या १९३३ च्या दुरुस्तीने दारूवर राज्यांना खास अधिकार दिलेला होता. म्हणून १९८४ मध्ये असा कायदा झाला, की राज्याने वाटेल ते वय ठेवावं. फक्त २१ च्या खाली ठेवलं तर महामार्गांसाठी मिळणाऱ्या केंद्रीय निधीतला काही हिस्सा कापला जाईल, पहिल्या वर्षी पाच टक्के, पुढे दहा.

यावर सही केली ती रोनाल्ड रेगन यांनी. सरकार जितकं लहान तितकं चांगलं, हे ज्यांचं आयुष्यभराचं भाषण होतं, ते हेच रेगन. सुरुवातीला त्यांचाही याला विरोध होता.

साऊथ डाकोटा राज्यात एकोणीस वर्षांच्या मुलांना सौम्य बिअर मिळायची. ते राज्य कोर्टात गेलं आणि १९८७ मध्ये सात विरुद्ध दोन असं हरलं. कोर्टाचं म्हणणं असं, की ही जबरदस्ती नाही, पैसे नको असतील तर घेऊ नका. १९८८ पर्यंत पन्नासही राज्यं एकवीसवर आलेली होती.

हे वाचताना मला आमच्या हॉस्टेलची मेस कमिटी आठवली. मेन्यू ठरवायचा पूर्ण अधिकार कमिटीचा, लेखी आहे तसं. फक्त गॅसची उधारी ऑफिस भरतं. त्यामुळे रविवारी काय शिजणार हे ऑफिसने कधीही सांगितलेलं नाही, आणि ते काय शिजणार हे आम्हाला दर शनिवारी माहीत असतं.

हीच युक्ती दारूच्या आधी वेगाला लावून झाली होती. १९७३ च्या तेलटंचाईनंतर, १९७४ पासून, ताशी ५५ मैल, म्हणजे साधारण ८८ किलोमीटर, ही मर्यादा राज्यांवर अशीच रस्त्यांच्या पैशातून आली. मोंटाना हे अफाट मोकळं राज्य, तिथे दिवसा आकड्यातली मर्यादाच नव्हती. त्यांनी पाटी लावली, कायदा केला, पैसे घेतले आणि दंड ठेवला पाच डॉलर. तोही वेगाबद्दल नाही, इंधनाची नासाडी केल्याबद्दल! पाच डॉलर द्यायचे आणि पुढे निघायचं. १९९५ मध्ये केंद्राने ही अट काढली, तशी मोंटानाने दिवसाची मर्यादाही काढून टाकली. मला विचाराल तर सार्वभौमत्व या जड शब्दाचा इतका स्वस्त आणि मस्त वापर दुसऱ्या कुणी केलेला नाही.

पैशाच्या दाबालाही सीमा आहे, हे ठरायला मात्र २०१२ उजाडलं. गरिबांच्या आरोग्यविम्याची मेडिकेड नावाची योजना तिथे केंद्र आणि राज्यं मिळून चालवतात. २०१० च्या कायद्याने ती वाढवायला सांगितली, आणि जे राज्य वाढवणार नाही त्याचा चालू असलेल्या मेडिकेडचाही निधी बंद करण्याची तरतूद ठेवली. रस्त्यांचे पाच टक्के वेगळे. इथे राज्याच्या एकूण खर्चाच्या दहा टक्क्यांहून मोठी रक्कम पणाला लागली होती. मुख्य न्यायाधीश रॉबर्ट्स यांनी याला डोक्याला बंदूक लावण्याची उपमा दिली. नव्या वाढीचे पैसे हवे तर अटीवर द्या, जुने तोडू नका, असा निकाल झाला. पाच टक्के म्हणजे आग्रह आणि दहा टक्क्यांच्या वर म्हणजे बंदूक. या दोन्हीच्या मधे रेघ कुठे, ते कोर्टाने सांगितलं नाही. आपल्या सबमिशनच्या मार्कांसारखंच आहे हे.

आता या सगळ्याच्या मधे बसलेल्या राज्याच्या आमदाराकडे बघू. पन्नास राज्यांचे मिळून सात हजारांहून थोडे जास्त आमदार आहेत, आणि आपल्या आमदारांशी त्यांची तुलना केली तर चक्रावायला होतं. न्यू हॅम्पशायरच्या कनिष्ठ सभागृहात ४०० सदस्य आणि मानधन वर्षाला १०० डॉलर. टेक्सासचं नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, जास्तीत जास्त १४० दिवस, मूळ मानधन महिन्याला ६०० डॉलर. बाकी वेळ आमदार आपापली शेती, वकिली, दुकान बघतो. यामागे विचार आहे: विधिमंडळ कमी वेळ भरलं तर कायदेही कमी होतील. कोलोरॅडोने तर १९९२ मध्ये आपल्या राज्यघटनेत घालून ठेवलं, की कर वाढवायचा तर आधी मतदारांना विचारा. मर्यादित सरकार म्हणतात ते हे. याला किमान प्रामाणिकपणा आहे, कारण बंधन स्वतःवरच घातलेलं आहे.

पण त्याच आमदाराला बजेट मंजूर करायचं असतं. एका राज्याला कर्ज काढून तूट भरायची मोकळीक केंद्राएवढी नसते, जवळजवळ सगळ्याच राज्यांत जमाखर्च जुळवणं बंधनकारक आहे. आणि सगळ्या राज्यांचं मिळून बघितलं तर उत्पन्नातला साधारण एक तृतीयांश भाग वॉशिंग्टनहून येतो. २००९ मध्ये ओक्लाहोमा, टेनेसी, अलास्का अशा काही राज्यांत 'आम्ही सार्वभौम आहोत, केंद्राने हद्दीत राहावं' असे ठराव झाले. त्या ठरावांना कायद्याची धार नव्हती, आणि त्यात आलेले पैसे परत करण्याचं कलमही नव्हतं.

शिवाय मर्यादित सरकार आणि राज्याचं सार्वभौमत्व, हे दोन शब्द एका श्वासात घेतले तरी एक नव्हेत. टेक्सासमधल्या डेंटन गावाच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१४ मध्ये गावाच्या हद्दीत फ्रॅकिंग बंद करायला मत दिलं. फ्रॅकिंग म्हणजे जमिनीखालचा खडक पाणी, वाळू आणि रसायनांच्या दाबाने फोडून गॅस काढणं. विहिरी घरांच्या अगदी जवळ आल्या होत्या. पुढच्याच वर्षी, मे २०१५ मध्ये, राज्याने कायदा करून गावांचा असा बंदी घालण्याचा अधिकारच काढून घेतला. केंद्राने आमच्यावर वरून काही लादू नये म्हणणारं हेच राज्य. कायद्याने ते चूक नव्हतं, कारण दहाव्या दुरुस्तीत राज्य आहे, लोक आहेत, गाव नाही. पण डेंटनच्या माणसाला वरून आलेला हुकूम ऑस्टिनहून आला की वॉशिंग्टनहून, याने काय फरक पडला असेल?

आणि या शब्दांचा इतिहास काही साधा नाही. १९५७ मध्ये आर्कान्साच्या गव्हर्नरने राज्याचा अधिकार म्हणूनच नऊ कृष्णवर्णीय मुलांना लिटल रॉकच्या शाळेत जाण्यापासून अडवलं, नॅशनल गार्ड उभं करून. शेवटी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना सैन्य पाठवून त्या मुलांना वर्गात पोचवावं लागलं. म्हणून तिथल्या बऱ्याच लोकांना 'राज्यांचे हक्क' हे शब्द ऐकले की कान टवकारावे लागतात, आणि ते बरोबरच आहे.

पण गोष्ट तेवढीच नाही. त्याच्या शंभर वर्षं आधी, पळालेल्या गुलामांना पकडून परत देण्याचा कायदा केंद्राचा होता, आणि त्याला राज्याच्या अधिकाराच्या नावाने अडवणारं राज्य होतं विस्कॉन्सिन. गुलामाला सोडवणाऱ्या संपादकाला तिथल्या कोर्टाने सोडून दिलं. १८५९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. आणि डिसेंबर १८६० मध्ये साऊथ कॅरोलिना देशातून फुटून निघालं तेव्हा त्याची एक तक्रार अशी होती, की उत्तरेची राज्यं केंद्राचा कायदा पाळत नाहीत! हत्यार तेच, फक्त मूठ कोणाच्या हातात ते बदलत राहिलं.

मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेले शेरीफ इथे परत येतात. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला, की परदेशी स्थलांतरितांना पकडण्याच्या कामात राज्याचे पोलीस केंद्राला सरसकट मदत करणार नाहीत. ट्रम्प सरकारने २०१८ मध्ये खटला भरला. अपील कोर्टात कॅलिफोर्नियाचा हा कायदा टिकला, कारण केंद्र राज्याच्या पोलिसांना कामाला जुंपू शकत नाही. म्हणजे मोंटानाच्या बंदूकवाल्यांसाठी स्कालियांनी बांधलेल्या भिंतीच्या आडोशाला कॅलिफोर्नियाचे स्थलांतरित उभे राहिले. दोन्ही बाजूंच्या राजकारण्यांना हे जेवढं गैरसोयीचं वाटतं, तेवढंच मला ते त्या भिंतीच्या बाजूचं उत्तम सर्टिफिकेट वाटतं.

दादाच्या टेक्सासने मेडिकेडची वाढ २०१२ च्या निकालानंतर घेतलीच नाही. केंद्र सुरुवातीची तीन वर्षं सगळा खर्च आणि पुढे नव्वद टक्के देणार होतं, तरी नाही. २०२४ अखेर अशी दहा राज्यं होती. पाच टक्क्यांसाठी दारूचं वय बदलणाऱ्या राज्यांच्या मानाने हे खरंखुरं सार्वभौमत्व, असं म्हणावं लागेल. मात्र त्याची किंमत आमदार मोजत नाही. टेक्सासमध्ये मूलबाळ नसलेला, दारिद्र्यरेषेखाली कमावणारा धडधाकट माणूस मेडिकेडमध्ये बसत नाही, आणि २०१० च्या कायद्याने विम्यासाठी दिलेली सवलत दारिद्र्यरेषेच्या वर सुरू होते, त्यामुळे तिच्यातही तो बसत नाही. तो दोन सरकारांच्या मधल्या फटीत पडतो.

बिअरसाठी कोर्टापर्यंत गेलेलं साऊथ डाकोटाही बरीच वर्षं या नकार देणाऱ्यांत होतं. तिथल्या विधिमंडळाने शेवटपर्यंत वाढ मान्य केली नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्या मतदारांनी थेट मतदानाने राज्यघटना बदलून ती करून घेतली, आणि जुलै २०२३ पासून योजना सुरू झाली.